गाठीत ऑक्सिजन कुठे कमी पडतो, हे इंजेक्शनला कसं कळतं?

मिरजेतल्या कॅन्सरच्या दवाखान्यांत, ओपीडीबाहेरच्या बाकांवर एक प्रश्न सतत कानावर येतो. "आमच्या भावकीतल्या एकाला बी जिभंचाच होता की. शेक बी तेवढंच दिलं. त्याची गाठ गेली, मग आमच्या अण्णांचीच का राहिली?" शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, विभागात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. गाठ किती मोठी होती, कुठवर पसरली होती, मध्ये शेक चुकले का, अशी कारणं बरीच असतात. पण एक मोठं कारण नातेवाइकांपर्यंत सहसा पोचतच नाही. ते म्हणजे गाठीच्या आत ऑक्सिजन किती होता.

गंमत अशी की हा ऑक्सिजनचा तुटवडा बाहेरून, गाठीत सुई न टोचता पाहता येतो. त्यासाठी किरणोत्सर्गी औषधाचं एक छोटं इंजेक्शन देऊन पेट स्कॅन करतात. ते औषध शरीरात कुठे जातं, कुठे अडकतं आणि कुठून निघून जातं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर रसायन वाटतं. ते नीट सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी शेकाचं पाहू. शेक म्हणजे उच्च ऊर्जेचे एक्स-रे. ते पेशीतल्या पाण्यावर आदळले की तिथे फ्री रॅडिकल तयार होतात आणि डीएनएला जखम करतात. ही जखम क्षणार्धात भरूनही येऊ शकते, कारण पेशीत ती सांधणारी रसायनं असतात. पण त्याच क्षणी शेजारी ऑक्सिजन असेल तर तो जखमेला चिकटतो आणि मग ती सहजासहजी भरत नाही. ऑक्सिजन नसेल तर तीच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ एल. एच. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये ही गोष्ट ठामपणे मांडली. पेशंटच्या फाइलवर '66 ग्रे' किंवा '70 ग्रे' असं लिहिलेलं असतं ना, ते शेकाच्या डोसचं एकक त्यांच्याच नावाचं.

दोन वर्षांनी, 1955 मध्ये, थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुफ्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तवाहिनीपासून साधारण 0.15 ते 0.2 मिलिमीटरपर्यंत पेशी जिवंत होत्या, त्यापलीकडे सगळं मेलेलं. ऑक्सिजन तेवढाच लांब जातो. जत भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी सुटलं की कालव्याच्या तोंडाशी असलेली रानं भिजतात आणि टेलच्या गावाला पोचेपर्यंत पाणी वाटेतच मुरून, उपसून संपलेलं असतं. गाठीत तसंच होतं. केशवाहिनीजवळच्या पेशी ऑक्सिजन पिऊन टाकतात, टोकाच्या पेशी अर्धपोटी राहतात. त्यात गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत, वाकड्यातिकड्या वाढलेल्या असतात. कधी एखादी काही मिनिटं किंवा काही तास बंदच पडते आणि पुन्हा सुरू होते. आवर्तन चुकलं की तोंडाजवळचं रानही कोरडं राहतं, तशा त्या वेळी वाहिनीला लागून असलेल्या पेशीही गुदमरतात. म्हणजे तुटवडा दोन तऱ्हेचा असतो, एक कायमचा आणि दुसरा येऊन-जाऊन. हा फरक पुढे लागणार आहे.

आपल्याला काळजी असते ती या मधल्या, अर्धपोटी पण जिवंत पेशींची. मेलेल्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशींना शेक पुरेसा पडतो. मधल्या पेशी मात्र शेक झेलूनही तग धरतात, आणि ऑक्सिजन कमी पडला की काही जनुकं चालू करून जास्तच चिवट होतात. पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना 2019 चं वैद्यकातलं नोबेल मिळालं.

हा ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत म्हणजे थेट गाठीत बारीक सुईसारखं इलेक्ट्रोड घालायचं. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या माइन्झच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये असं मोजमाप केलं आणि कमी ऑक्सिजनच्या गाठी असलेल्या बायकांचे निकाल वाईट येतात हे दाखवलं. ऑक्सिजनचा दाब बीपीसारखाच मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. निरोगी अवयवांत तो बहुधा 20 च्या वर असतो. गाठीत 10 च्या खाली गेला की धोक्याची घंटा समजायची. पण सुई सगळ्या गाठींपर्यंत पोचत नाही, जिथे टोचली तेवढंच सांगते, आणि मेलेल्या भागात टोचली तरी 'ऑक्सिजन नाही' असंच दाखवते.

नेहमीचा पेट स्कॅन याचं उत्तर देत नाही. त्यात एफडीजी नावाची किरणोत्सर्गी साखर देतात, आणि ती जिथे साखर जास्त खपते तिथे साठते. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर फस्त करतात. त्यामुळे एफडीजीत झगमगणारा भाग गुदमरलेला असेलच असं नाही.

म्हणून वेगळा रेणू लागला, आणि त्याचं घराणं आपल्या ओळखीचं आहे. आमांश झाला किंवा दाढेला पू झाला की डॉक्टर मेट्रोनिडॅझोलची गोळी देतात, जिने तोंडाची चव धातूसारखी होते ती. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर ती चालते, कारण तिच्यातला नायट्रो गट अशा जंतूंच्या पोटात गेल्यावर इलेक्ट्रॉन घेतो, बदलतो आणि विषारी होतो. जंतूंमध्ये ऑक्सिजनच्या अभावी जे घडतं ते गुदमरलेल्या पेशीतही घडेल, हा धागा संशोधकांनी पकडला. 1970 च्या दशकात याच कुळातलं मिसोनिडॅझोल शेकाची धार वाढवायला वापरून पाहिलं गेलं. ते ग्रॅमच्या मापात द्यावं लागे, आणि हातापायांच्या नसा बधिर होऊ लागल्या, म्हणून मागे पडलं. पण 1979 मध्ये संशोधक चॅपमन यांनी सुचवलं की हीच रसायनं औषध म्हणून नको, खूण म्हणून वापरा. त्यातून पुढे फ्लुओरोमिसोनिडॅझोल आलं, थोडक्यात एफमिसो. त्यात फ्लोरीन-18 हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. देतात तेही जेमतेम काही मायक्रोग्रॅम, त्यामुळे नसा बधिर होण्याचा प्रश्नच येत नाही.

आता इंजेक्शनपासून सुरुवात करू.

दंडाच्या शिरेतून औषध गेलं की मिनिटाभरात ते हृदयातून सगळ्या अंगात फिरतं. एफमिसो थोडं तेलात, थोडं पाण्यात विरघळणारं आहे. पेशीत शिरायला त्याला कुठल्या दाराची किंवा वाहकाची गरज नसते, ते पातळ पडद्यातून सरळ आरपार जातं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा जो कडक पहारा असतो, त्यातूनही ते जातं. मेंदूच्या गाठींमध्ये म्हणूनच ते उपयोगी पडतं.

या पहिल्या काही मिनिटांत फोटो काढला तर तो चक्क उलटा दिसतो. जिथे रक्तपुरवठा चांगला, तिथे चमक जास्त. ज्या गुदमरलेल्या भागाचा शोध घ्यायचा आहे तो त्या वेळी अंधुक असतो, कारण तिथे रक्तच कमी आणि रक्तातून येणारं औषधही उशिरा येतं. अर्ध्या-पाऊण तासानं औषध अंगभर जवळपास सारखं पसरतं. स्नायूत, गाठीत, रक्तात जवळजवळ एकच पातळी. इथपर्यंत चित्रातून ऑक्सिजनबद्दल काहीच कळत नाही.

खरं काम पेशीच्या आत चालू असतं. प्रत्येक जिवंत पेशीत रिडक्टेज नावाची एन्झाइम असतात. एफमिसो आत आलं की ही एन्झाइम त्याच्या नायट्रो गटाला एक इलेक्ट्रॉन देतात. हे निरोगी पेशीतही होतं आणि गुदमरलेल्या पेशीतही. इलेक्ट्रॉन मिळाला की रेणू चंचल होतो. आता शेजारी ऑक्सिजन असेल तर तो इलेक्ट्रॉन लगेच हिसकावून घेतो. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनची फार ओढ असते. रेणू पुन्हा होता तसा होतो आणि आला तसा बाहेर निघून जातो. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन परत घेणारं कोणीच नसतं. मग पेशी त्याला दुसरा, तिसरा, चौथा इलेक्ट्रॉन देत जाते, रेणू मोडतो, त्याचे तुकडे पेशीतल्या प्रथिनांना रासायनिक बंधानं चिकटतात आणि आतच राहतात. ऑक्सिजनचा दाब 10 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जाऊ लागला की हे अडकणं वाढत जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, हे औषध ऑक्सिजन मोजत नाही. ऑक्सिजन नसताना काय उरलं, तेवढंच दाखवतं. दुसरी जास्त मोलाची. चिकटण्यासाठी एन्झाइम चालू लागतात, म्हणजे पेशी जिवंत हवी. मेलेल्या भागातही ऑक्सिजन नसतोच, पण तिथे इलेक्ट्रॉन द्यायला कोणी उरलेलं नसतं, म्हणून तो भाग काळाच राहतो. सुईला मेलेला आणि गुदमरलेला भाग वेगळा ओळखता येत नव्हता, एफमिसोला येतो. शेकाला दाद न देणाऱ्या ज्या पेशी आपल्याला शोधायच्या होत्या, नेमक्या त्याच उजळतात.

पण त्यासाठी थांबावं लागतं. जे औषध चिकटलं नाही ते रक्तात परत जायला हवं, तिथून मूत्रपिंडं आणि यकृत यांनी ते बाहेर टाकायला हवं. एफमिसो थोडं तेलकट असल्यानं हे काम हळू चालतं. म्हणून स्कॅन इंजेक्शननंतर दोन ते चार तासांनी काढतात. आणि एवढं थांबूनही गुदमरलेला भाग रक्तापेक्षा थोडाच उजळ असतो. बऱ्याच अभ्यासांत 1.2 ते 1.4 पट चमक दिसली की तिथे ऑक्सिजन कमी आहे असं धरतात. एफडीजीची ठसठशीत चित्रं पाहिलेल्यांना एफमिसोचं चित्र फिकट, धुरकट वाटतं. ती मशीनची खोट नव्हे, या रेणूचा स्वभावच तसा आहे. यकृत आणि आतडी मात्र नेहमीच चमकतात, कारण औषध पित्तातूनही जातं. यकृतातल्या गाठीसाठी एफमिसो त्यामुळे फारसं कामाचं नाही. लघवीतूनही औषध जातं, सर्वांत जास्त किरण मूत्राशयाला मिळतात, म्हणून भरपूर पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका असं सांगतात. ते मनापासून पाळावं.

या दोन-चार तासांच्या थांबण्याला किंमतही आहे. फ्लोरीन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटांचं. दर 110 मिनिटांनी उरलेल्यातलं निम्मं संपतं. तीन तास थांबलं तर इंजेक्शनच्या वेळी जेवढं होतं त्याचा तिसरा हिस्साच उरतो. शिवाय फ्लोरीन-18 सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, तयार करावं लागतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. समजा मुंबईहून गाडीनं सांगलीला औषध आणायचं आणि वाटेत सात तास गेले. निघताना 100 भाग असलं तर इथे पोचेपर्यंत सात भाग उरतील. पुण्याहून साडेचार तासांत आणलं तर अठरा-एकोणीस भाग. खंबाटकी घाटात गाडी तासभर अडकली तर त्यातला आणखी तिसरा हिस्सा गेला. एफडीजी देशभर असं गाडीनं, विमानानं पोचतं, कारण त्याची मागणी रोजची आहे आणि ते मोठ्या प्रमाणात बनतं. एफमिसोचं तसं नाही. जगभर ते अजून मुख्यतः संशोधनातच वापरलं जातं. तेव्हा "आमच्या अण्णांचा हा स्कॅन का नाही केला?" असं वाटून कुणी स्वतःला किंवा डॉक्टरला बोल लावू नये.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. फ्लोरीन-18 बनवतात ते ऑक्सिजन-18 असलेल्या खास पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून. आणि फ्लोरीन-18 चा अणू फुटला की तो परत ऑक्सिजन-18 च होतो. फुटताना पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो, आणि दोन किरण एकमेकांच्या अगदी उलट दिशेनं निघतात. स्कॅनरच्या कड्यात दोन समोरासमोरच्या ठिकाणी ते एकाच वेळी धडकतात, त्यावरून अणू कुठल्या रेषेवर होता ते कळतं. ऑक्सिजनचा तुटवडा दाखवणारा अणू ऑक्सिजनपासूनच बनतो आणि ऑक्सिजनच होऊन जातो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एफमिसोचा हळूपणा कमी करायला त्याची भावंडं तयार झाली. एफएझेडए आणि एचएक्स4 ही जास्त पाण्यात विरघळणारी आहेत, म्हणून रक्तातून लवकर धुऊन जातात आणि चित्र जरा स्पष्ट मिळतं. अडकण्याची युक्ती तीच, नायट्रो गटाची. तांब्यावर आधारलेलं कॉपर-एटीएसएम मात्र वेगळ्या वाटेनं जातं. त्यातलं तांबं पेशीत इलेक्ट्रॉन घेतं, आणि ऑक्सिजन नसेल तर रेणूतून सुटून पेशीतच राहतं. ते झटपट साठतं, तासाभरात चांगलं चित्र मिळतं. पण सगळ्या प्रकारच्या गाठींत ते खात्रीनं ऑक्सिजनचाच तुटवडा दाखवतं असं आढळलं नाही. शिवाय सुटं झालेलं तांबं यकृताकडे जातं. मला विचाराल तर जलद चित्राच्या मोहापेक्षा एफमिसोचा संथ खरेपणा बरा.

या चित्राच्याही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय हे औषध कळलं असं म्हणता येणार नाही. पेट स्कॅनला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही. ऑक्सिजन तर 0.2 मिलिमीटरच्या आतच भरपूरपासून शून्यावर येतो. म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्यात शेकडो रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवतीच्या जिवंत, अर्धपोटी, मेलेल्या अशा सगळ्या पेशींची सरासरी असते. ठिपका फिका असला तर तिथे गुदमरलेली एकही पेशी नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, त्या थोड्या असू शकतात, मेलेल्यांच्या गर्दीत लपलेल्या. दुसरी अडचण त्या येऊन-जाऊन होणाऱ्या तुटवड्याची. एकाच पेशंटचा स्कॅन काही दिवसांच्या अंतरानं केला तर काही गाठींत उजळ ठिपके जागा बदलतात. आजच्या चित्रावर पुढच्या सहा-सात आठवड्यांच्या शेकाचा नकाशा आखायचा की नाही, यावर म्हणूनच तज्ज्ञांत एकमत नाही.

मग उपयोग काय? एक उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिरापाझामिन नावाचं औषध गुदमरलेल्या पेशींनाच मारतं. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटांत ते वापरून पाहताना ज्यांच्या एफमिसो स्कॅनमध्ये तुटवडा दिसला त्यांना त्याचा फायदा झाल्याचं 2006 च्या अहवालात आलं. पुढे मोठ्या चाचणीत तेच औषध स्कॅन न करता सरसकट दिलं, आणि फायदा दिसला नाही. औषध वाईट होतं की योग्य माणसाला मिळालं नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. तुटवडा नसलेल्यांना तुटवड्यावरचं औषध देऊन सरासरी काढली तर ती शून्यावरच येणार.

दुसरा उपयोग याच्या उलट आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरमध्ये गाठीत तुटवडा नाही, किंवा होता तो शेक सुरू झाल्यावर लवकर ओसरला, असं एफमिसोत दिसलं तर 70 ग्रेऐवजी 30 ग्रेवर थांबून पाहिलं गेलं. निकाल उत्साह वाढवणारे आले. घसा कोरडा पडणं, गिळताना आयुष्यभर होणारा त्रास यातून सुटका म्हणजे फार मोठी गोष्ट. पण आपल्याकडच्या वाचकांनी हे स्वतःला लावून घेऊ नये. सांगली-साताऱ्यात दिसणारे तोंडाचे कॅन्सर बहुतांशी तंबाखू, मिसरी, गुटख्याचे. ते एचपीव्हीच्या कॅन्सरपेक्षा शेकाला जास्त चिवट असतात. त्यांचा डोस कमी करण्याची भाषा आज कोणी करत नाही.

स्कॅन नसला तरी ऑक्सिजनचा हिशेब आपल्या हातात थोडाफार राहतो. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. शेक चालू असताना धूम्रपान करत राहणाऱ्यांचे निकाल वाईट येतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. शेकाच्या काळात हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवतात तेही याचसाठी. तरी रक्त वाढवलं की गाठीत ऑक्सिजन वाढतोच, इतकं ते सरळ नाही. 2003 मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये शेकाबरोबर रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन दिलेल्या पेशंटांचं हिमोग्लोबिन वाढलं, पण गाठ मात्र इंजेक्शन न मिळालेल्यांपेक्षा कमी आटोक्यात राहिली. त्यामुळे रक्तवाढीचं इंजेक्शन बाहेरून स्वतःच्या मनानं घेऊ नका. हिमोग्लोबिन कमी आलं तर रक्त चढवायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या की थांबायचं, हे शेक देणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.